आजोबांच्या कमरेवरचा उलटा हात

"मग त्याला चष्मा का काढलास?"

"घड्याळं दुरुस्त करणारा माणूस आहे तो! त्याला चष्मा नाही काढायचा तर काय शिंगं काढायची?"

"आणि टक्कल?"

"टक्कल सोपं असतं, ताई. एक रेघ मारली की झालं."

"आणि कानांवरचे ते दोन झुपके?"

"झुपके नसतील तर डोकं कुठलं आणि अंडं कुठलं, लोकांना कळणार कसं?"

"खोटं बोलतोयस, धाकट्या. चष्मा, टक्कल, झुपके, सगळा माणूस जसाच्या तसा कागदावर उतरवलास, आणि आता म्हणतोस मला माहीत नव्हतं?"

"माहीत असतं तर काढला असता का मी? हात मोडून घेतला असता!"

"म्हणजे तुझी ना आहे."

"मी ना म्हटलं का?"

"मग हो म्हण."

ह्यावर धाकट्यानं टेबलावरचा पेपर उचलला, त्याची घडी केली, उलगडली, परत घडी केली आणि ती बुडाखाली घेऊन बसला. माणूस पन्नाशीला टेकलेला, पण अडचणीत सापडला की अजूनही वस्तू अंगाखाली लपवायचा. लहानपणी फुटलेली पाटी लपवायचा, आता आख्खी रविवारची पुरवणी.

"ऊठ," त्याची बहीण म्हणाली. "माझं उत्तर आहे त्यात. त्यावर बसू नकोस."

तिला सगळे आत्या म्हणत. आधी भाचीनं म्हणायला सुरुवात केली, मग गल्लीनं उचललं, मग लाँड्रीतल्या गिऱ्हाइकांनी. भाची आता शिकायला परगावी होती. आत्या मात्र सगळ्यांची आत्या होऊन बसली होती. एकटा धाकट्या तिला ताई म्हणायचा, कारण तो तिच्या पाठचा. आणि त्याची बायको वन्सं म्हणायची, तेही वैतागली असली तरच. एरवी तीही आत्याच म्हणे.

चौकातल्या लाँड्रीच्या काउंटरवर आत्याचं उभं आयुष्य गेलं होतं. अगदी शब्दशः उभं, कारण काउंटरमागे खुर्ची नव्हती. माणसं लाँड्रीत कपडे देतात आणि भांडणं सोडून जातात. "हा डाग कसला?" एवढं आत्यानं विचारायचा अवकाश, की नवरा म्हणणार चहाचा, आणि बायको म्हणणार, मग चहाला अत्तराचा वास कसा? आत्या पावती फाडायची, चेहऱ्यावरची सुरकुती हलू द्यायची नाही, आणि संध्याकाळी घरात शिरून चपला काढता काढता दोघांचे आवाज हुबेहूब काढायची. नवऱ्याचा घोगरा, बायकोचा टाचणीसारखा, आणि मधे तिसरा, डागाचा. डाग काय म्हणाला असेल हे फक्त आत्यालाच सुचायचं.

तरुणपणी एकदा हौशी मंडळींच्या नाटकात तिला मोलकरणीचं काम मिळालं होतं. पहिल्याच प्रयोगात ती वाक्यं विसरली आणि स्वतःची बोलली. प्रेक्षक हसून लोळले. नाटककार पहिल्याच रांगेत बसलेले. त्यांना धड हसता येईना, धड रडता येईना. दुसऱ्या प्रयोगात त्यांनी तिच्या तोंडची सगळी वाक्यं काढून घेतली आणि हातात नुसता ट्रे दिला. "तेव्हाच मला कळलं," आत्या सांगायची, "की माणसानं एक तर लेखक व्हावं, नाहीतर ट्रे व्हावं. मधल्या कामात काही राम नाही."

लेखक मात्र ती झाली एका गादीवाल्यामुळे.

धाकट्या एका दैनिकाच्या जाहिरात विभागात चित्रकार होता. बूट, कुकर, गाद्या काढायचा. गादीवाल्यानं ऐनवेळी जाहिरात मागे घेतली, रविवारच्या शेवटच्या पानाच्या तळाशी आडवी जागा मोकळी पडली, आणि पुरवणीच्या संपादकबाई त्याला म्हणाल्या, "काहीतरी काढ रे हसवणारं. उद्या दुपारपर्यंत दे." धाकट्या गादी अशी काढायचा की बघणाऱ्याला जांभई यावी, पण गादीवर बसलेलं माणूस त्यानं कधी बोलतं केलं नव्हतं. घरी येऊन तो कोऱ्या कागदापुढे असा चेहरा करून बसला, की आत्यानं आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

"आपल्या घरात हसण्यासारखं काय असतं गं, ताई?"

आत्या बटाटे सोलत होती. "बाबा असतात," ती म्हणाली.

त्यांचे वडील तेव्हा होते. घरभर फिरून एकेका खोलीतला दिवा मालवत जायचे, खोलीत कुणी असो वा नसो.

"पहिल्या चौकटीत बाबा एक दिवा मालवतात. दुसऱ्या चौकटीत दुसरा. तिसरीत तिसरा. चौथीत सगळा काळोख, आणि काळोखातनं बाबांचा आवाज: अरे, ह्या घरातली माणसं गेली कुठे सगळी?"

धाकट्या खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. शिवाय चौथी चौकट नुसती काळी करायची असल्यामुळे त्याचा वेळही वाचला. रविवारी वडिलांनी ती चित्रपट्टी वाचली, "ह्या म्हाताऱ्याला काही अक्कल नाही," असा शेरा मारला आणि जाता जाता दिवा मालवला.

पट्टीचं नाव पडलं ‘घरचंच आहे’. त्यात वडिलांवरून काढलेले आजोबा, मग आई, बाबा, बारक्या, आत्या आणि एक मांजर. खाली कोपऱ्यात सही धाकट्याची. चित्रं त्याची, बोलणं आत्याचं. पण सही एकाचीच. ह्यात कुणी कुणाची चोरी केली नव्हती, तसं ठरलंही नव्हतं. ते तसंच पडत गेलं. भावजयीनं एकदा विषय काढला, "अहो, आत्यांचं नाव नको का घालायला?" तर आत्याच म्हणाली, "नाव कशाला? घरचंच आहे."

बोलण्यापुरतंच तिचं काम नव्हतं. धाकट्याला समोर बघितल्याशिवाय काही काढता यायचं नाही. कुकर काढायचा तर कुकर समोर हवा. आजोबा काढायचे तर आजोबा. वडील गेल्यावर आजोबा कोण होणार? आत्या. हातात झाडू उलटा धरून तीच आजोबांची काठी टेकायची, तीच बाबा होऊन आरशासमोर दाढी करायची, तीच बारक्या होऊन टेबलाखाली शिरायची. मांजरही तीच. आणि तिची उभं राहायची एक खोड होती. लाँड्रीत कपड्यांवरचे डाग भिजवून बघताना तिचे हात सदा ओले. ओला तळवा कमरेवर ठेवला तर कपड्यांवर पंजा उमटतो, म्हणून ती हात उलटा ठेवायची, मागची बाजू कमरेला आणि तळवा बाहेर. सवय हाडात मुरली. धाकट्या जे दिसेल ते काढायचा. त्यामुळे ‘घरचंच आहे’मधलं सगळं कुटुंब, अगदी आजोबांपासून मांजरापर्यंत, हात उलटा कमरेवर ठेवून उभं असायचं. हे कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. काढणाऱ्याच्या नाही, उभं राहणारीच्याही नाही.

आता भांडणाकडे यायचं तर ह्या घराची आणखी एक रीत सांगायला हवी. ह्या घरात मोठं काही तोंडावर बोलायची पद्धत नव्हती. दोघं भावंडं चहात साखर किती ह्यावर तासभर भांडतील, पण मनातलं काही सांगायचं झालं की दोघांच्याही तोंडाला कुलूप. मग ते पट्टीतून जायचं. न्हाणीघराची कडी महिनोन्‌महिने तुटलेली होती. आत्यानं पट्टीतल्या आईला न्हाणीघरात गाणं म्हणत बसवलं, आत कुणीतरी आहे हे कळावं म्हणून. धाकट्यानं ते मुकाट्यानं काढलं आणि त्याच दुपारी कडी आणली. भाचीला परगावी शिकायला जायचं होतं तेव्हा आत्यानं बारक्याला चंद्रावरच्या शाळेत नाव घालायला लावलं. धाकट्यानं ती पट्टी काढलीच नाही. दर रविवारी आत्या तीच सांगायची, दर रविवारी तो म्हणायचा, "दुसरं सांग." मग एका रविवारी त्यानं गुपचूप चंद्र काढला. चंद्रावर शाळा, शाळेच्या दारात बारक्या, गळ्यात पाण्याची बाटली. भाचीनं ते बघितलं आणि बापाच्या गळ्यात पडली.

तर असा अलिखित कायदा: काढलं म्हणजे मान्य. नाही काढलं म्हणजे नामंजूर.

आणि ह्याच कायद्यानं ह्या वेळी घात केला.

लाँड्रीसमोर चष्म्याचं दुकान होतं. चष्मेवाला विधुर, हळू बोलणारा, डोक्यावर टक्कल, कानांवर दोन झुपके, दर आठवड्याला पांढरा कोट धुवायला द्यायचा. एकदा कोट नेताना तो काउंटरवर रेंगाळला.

"तुमच्या भावाच्या पट्टीतले आजोबा," तो म्हणाला, "तुमच्यासारखे उभे राहतात."

"आमच्या घराण्याची ठेवणच तशी आहे," आत्या म्हणाली.

"बारक्याची पण?"

"रक्त शेवटी एकच."

"आणि मांजराची?"

आत्यानं खाली पाहिलं. तिचा हात कमरेवर होता, उलटा.

"मला आपलं वाटलं," चष्मेवाला कोटाची घडी सारखी करत म्हणाला, "हात सगळे तुमचे आहेत, तर बोलणंही तुमचंच असणार."

आयुष्यात पहिल्यांदा आत्यानं चुकीची पावती फाडली. त्याच्या कोटाऐवजी दुसऱ्या कुणाच्या तरी चादरीची. पट्टी इतकी वर्षं गावभर वाचली जात होती. लोक तिला पावतीच्या रांगेत उभे राहून तिचेच विनोद सांगायचे, आणि वर म्हणायचे, "तुमचा भाऊ म्हणजे काय डोकं आहे!" ती म्हणायची, "आहे खरं." आणि आज एका माणसानं नुसत्या हातावरून तिला ओळखलं होतं.

त्यानंतर चष्मेवाल्याचे कोट फार लवकर मळायला लागले. आठवड्याला एकाचे दोन झाले, दोनाचे तीन. लाँड्रीचा मालकसुद्धा म्हणाला, हा माणूस चष्मे विकतो की कोळसा? आणि मग एक दिवस तो, स्वच्छ कोट हातात घेऊन, म्हणाला, "दुकानावर माझ्या दोन खोल्या आहेत. त्यांत बोलतं असं काही नाही, रेडिओ सोडून. तुम्ही याल का? कायमच्या?"

आत्याच्या मनात हो होतं. पण हो म्हणजे धाकट्याला सोडून जाणं, आणि ते त्याला तोंडावर सांगायचं कसं? ती म्हणाली, "धाकट्यानं हो म्हटलं तरच. रविवारचा पेपर बघा."

पट्टी सोमवारी दुपारपर्यंत दिली की येत्या रविवारी छापून यायची. तेव्हा आदल्या रविवारी, चहा झाल्यावर, आत्यानं कागदापलीकडे उभं राहून नेहमीसारखी पट्टी सांगितली. पट्टीतली आत्या घड्याळवाल्याच्या दुकानात. घड्याळवाला म्हणतो, "घ्या, झालं दुरुस्त. आता तुमचं येणं होणार नाही." आत्या विचारते, "का? परत बंद नाही का पडणार?" तो म्हणतो, "मी दुरुस्त केलंय. नाही पडणार." आणि चौथ्या चौकटीत आत्या म्हणते, "मग घड्याळ बंद पडायची वाट कोण बघणार? मीच येते कायमची."

सांगताना तिचा आवाज कापला होता. धाकट्याला तो अभिनय वाटला. तो हसला, म्हणाला, "झकास!" आणि काढायला बसला. चष्मा त्यानं आपणहून काढला. टक्कल आपणहून काढलं. झुपके काढले तेव्हा आत्यानं टेबलाची कड धरली. हा सगळं ओळखून आहे, तिला वाटलं. ओळखून आहे, आणि हो म्हणतोय! ती मोरीत जाऊन नळ सोडून रडली. पुढचा आठवडा तिनं धाकट्याशी एकदाही भांडण काढलं नाही, मागायच्या आधी चहा दिला, त्याच्या शर्टाची बटणं शिवली. धाकट्यानं घाबरून बायकोला विचारलं, "ताईला काही झालंय का गं? डॉक्टरांकडे न्यायचं का?"

आणि आज सकाळी, धाकट्या तोंडात ब्रश घालून दार उघडतो तर समोर चष्मेवाला. इस्त्रीचा कोट, हातात पेपर, डोळ्यांत पाणी.

"तुमचे उपकार आहेत," तो म्हणाला. "फार सुंदर काढलंत. मी काही एवढा देखणा नाही."

धाकट्याचं तोंड फेसानं भरलेलं. त्यानं नुसती मान हलवली. चष्मेवाल्यानं ती मानही होकारात धरली.

"उद्या आपल्या रस्त्यावरची दुकानं बंद. तुमच्या बहिणीला खोल्या बघायला पाठवा. येताना त्यांचं थोडं सामान आणलं तर बरं, खोल्यांना सवय होईल. लग्नाच्या नोंदणीची तारीखही ठरवून टाकू." आणि तो पेपर छातीशी धरून जिना उतरून गेला.

धाकट्यानं फेस गिळला.

म्हणून हे भांडण. आणि ते संपत नव्हतं.

"तू तोंडानं का नाही सांगितलंस?" धाकट्या म्हणाला.

"तोंडानंच सांगितलं. ह्याच टेबलापाशी उभी राहून."

"ती पट्टी होती!"

"कडी पट्टीच होती. चंद्र पट्टीच होता. तेव्हा बरं कळलं?"

"आता ह्या वयात..."

"ह्या वयात काय? बोल ना. घोडनवरी म्हण. मला चालतं, मी हा शब्द वापरलाय एकदा आजोबांच्या तोंडी. सगळे हसले होते."

"मी तसं म्हणत नाही गं. पण पट्टीचं काय? दर रविवारी कोण बोलणार? आजोबा कोण होणार? मी बघू कुणाला?"

"पट्टीचं विचारलंस," ती म्हणाली. "माझं नाही विचारलंस."

भावजय ओट्यापाशी पाठमोरी होती. तिनं हातातली बशी जरा जोरातच ठेवली.

"मी त्यांना सांगितलंय," आत्या म्हणाली, "धाकट्यानं हो म्हटल्याशिवाय मी यायची नाही. तुला मी हाताला धरून शाळेत नेलंय, तुझ्या वाटचा मार खाल्लाय. तुझं तोंड वाकडं ठेवून मला कुठे जायचं नाही. तेव्हा हो म्हण, नाहीतर ना म्हण. पण तोंडानं म्हण."

धाकट्या उठला, आपल्या कागदांच्या टेबलाशी गेला आणि पाठ करून बसला. दिवसभर बसला. कागद फाडल्याचा आवाज येत होता, माणसाचा नाही.

सोमवारी सकाळी आत्याच्या चहाच्या कपाशेजारी एक कागद होता. धाकट्या खिडकीतून बाहेर बघत उभा होता. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

चार चौकटी. पहिलीत पट्टीतली आत्या झोपलेली. दुसरीत दचकून उठलेली: "अरेच्चा! म्हणजे ते स्वप्न होतं!" तिसरीत घरचे गोळा: "काय झालं, आत्या?" चौथीत आत्या: "मला वाटलं माझं लग्न ठरलं. बरं झालं ते स्वप्न होतं. मी तुम्हां सगळ्यांना सोडून कशी जाईन?"

आत्यानं कागद वाचला. पुन्हा वाचला.

"हे काय आहे?"

"पट्टी," धाकट्या खिडकीला म्हणाला.

"ही पट्टी नाही. हे निवेदन आहे. सोसायटीच्या फळ्यावर लाव."

"मला नाही तुझ्यासारखं जमत. माहितीये मला."

"अरे पण चौथ्या चौकटीत कुणी खुलासा करतं का? आणि तिसरीत हे काय, ‘काय झालं?’ आजोबा असं विचारतील? आजोबा कधी कुणाला काय झालं विचारतात? दे ती पेन्सिल."

पेन्सिल तिच्या हातात आली आणि तिचं डोकं सुरू झालं. ते तिच्याही ताब्यात नसायचं. "आजोबा विचारतात, ‘स्वप्नात जेवायला काय होतं?’ आणि चौथीत आत्या पांघरूण डोक्यावरनं ओढते. ‘तेच बघायला परत झोपतेय. कुणी उठवू नका.’"

धाकट्या खो खो हसला. खिडकी सोडून टेबलाशी आला, शाईची बाटली उघडली. आत्याही हसत होती. दोघांची डोकी कागदावर एकमेकांना लागलेली, आदल्या दिवशी भांडण झालं हे दोघांनाही आठवत नव्हतं.

"छान झालंय," ओट्यापासून भावजय म्हणाली. "फारच छान. आता ह्या विनोदावर वन्सं जन्मभर ह्याच घरात झोपणार."

आत्याचं हसू तिथंच थांबलं. तिनं कागदाकडे बघितलं. तिचंच अक्षर, तिचाच विनोद, आणि चांगला. रविवारी सगळं गाव हसेल. आणि समोरच्या दुकानात एक माणूस कोट घालून हे वाचेल. वाईट पट्टी असती तर त्यानं धाकट्याला दोष दिला असता. ही वाचून तो ओळखेल, बोलणारी कोण ते.

तिनं खोडरबर घेतलं आणि चौथी चौकट खोडायला लागली.

"ए, ए! खोडू नकोस! चांगलं आहे ते!"

"माझं वाक्य आहे," आत्या म्हणाली. "मी खोडणार."

इतक्या वर्षांत हे ती पहिल्यांदाच म्हणत होती. धाकट्याचा शाईचा हात वरच्या वर राहिला. त्यानं बहिणीकडे बघितलं, मग बायकोकडे. बायकोनं नजर वळवली नाही.

"दुपारी द्यायचीये गं पट्टी," तो अखेर हळूच म्हणाला. "कोरी कशी देऊ?"

"नवा कागद घे."

त्यानं नवा कागद घेतला, चार चौकटी आखल्या. आत्या टेबलापलीकडे जाऊन उभी राहिली.

"आत्या दारात उभी आहे," ती म्हणाली. "हातात बॅग. आतनं आजोबा ओरडतात, ‘आत्या, माझा कंगवा कुठंय?’ ती म्हणते, ‘खिशात.’ दुसऱ्या चौकटीत बाबा. ‘आत्या, माझे मोजे?’ ‘पायात.’ तिसरीत आई. ‘आत्या, दुधाकडे बघतेस का?’ ‘बघितलं. उतू गेलं.’"

धाकट्याच्या ओठांचा कोपरा हलला. पण तो हसला नाही. पेन्सिल हातात फिरवत राहिला. सगळ्यांना कळत होतं की तो आता काय करतो ह्यावर सगळं आहे. काढलं तर. नाही काढलं तर.

"चौथीत काय?" त्यानं विचारलं.

"आधी तीन काढ."

त्यानं पेन्सिलीला टोक काढलं. मग तो म्हणाला, "अशी नुसती काय उभी आहेस? दारात जा. बॅग घे. न बघता मला काढता येतं का?"

आत्या आतून आपली कापडी पिशवी घेऊन आली आणि दारात उभी राहिली.

"ही नको. हिचा बंद लोंबतोय. कपाटावरची माझी घे."

भावजयीनं स्टुलावर चढून धाकट्याची मोठी बॅग काढली. प्रवासाची, चामड्याची, भाचीला पोचवायला गेला तेव्हा मुद्दाम घेतलेली. ती तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. आत्यानं ती हातात धरली.

धाकट्यानं दोन रेघा मारल्या आणि मान हलवली. "हात सैल दिसतोय. रिकामी बॅग धरल्यावर हात असा दिसतो होय? वजन घाल आत."

"कसलं वजन?"

"काही घाल ना. कपडे घाल."

भावजय आत गेली आणि आत्याचे कपडे घेऊन आली. चांगले, कपाटातल्या वरच्या कप्प्यातले. एकेक घडी करून बॅगेत ठेवले.

धाकट्या कागदावरून डोळे न उचलता म्हणाला, "अजून सैल आहे."

टॉवेल आला. नवी चादर आली. आत्याचा स्वेटर आला.

"अजून."

"अरे, हात तुटेल माझा!"

"ते नवे कप आहेत ना, ते पण घाल. कागदात गुंडाळून." त्याचे कान लाल झाले होते. "दोन घाल. त्या माणसाकडे काय असणार? एकच असेल."

भावजयीनं कप गुंडाळले. बॅगेचे बंद ओढून बसवताना तिनं आत्याच्या हातावर आपला हात जरा वेळ ठेवला.

"आता ठीक आहे," धाकट्या म्हणाला. "दुसरा हात कमरेवर. नेहमीसारखा."

आत्यानं हात उलटा कमरेवर ठेवला. तो काढायला लागला. कंगवा झाला, मोजे झाले. दार, दाराची कडी, बॅगेचं कुलूप; कुलपाची भोकंसुद्धा त्यानं काढली, जी कधी कुणाला दिसली नसती. इतकं सावकाश त्यानं आयुष्यात काही काढलं नव्हतं, गादीसुद्धा नाही. आत्याचा खांदा दुखायला लागला, तरी ती हलली नाही. तिसऱ्या चौकटीत दूध उतू गेलं. मग पेन्सिल थांबली.

धाकट्यानं वर बघितलं नाही. चौथ्या चौकटीच्या रेघेवरून बोट फिरवत तो म्हणाला, "ताई, सांग की आता. चौथीत काय?"

आत्यानं बॅग ह्या हातातून त्या हातात घेतली, उंबरा ओलांडला आणि जिना उतरायला लागली.